बाई दवाखान्यात पोचली, पुढं काय?

जुनी_सिस्टर

परवा भाचीचं बाळंतपण झालं. पहिलटकरीण, त्यामुळं सातव्यातच माहेरी आली होती. मुलगी झाली, अडीच किलोला पन्नास ग्रॅम कमी. पेढे वाटून झाले, सगळे खूश. मी बाहेर बाकड्यावर बसलेली आणि अंगातली सिस्टर काही गप्प बसेना. पाऊण तास झाला तरी पोरीच्या पोटाला हात लावायला कुणी आलं नव्हतं. शेवटी आत गेले, चादर सरकवली आणि बेंबीखाली चाचपून बघितलं. गर्भाशय नारळागत घट्ट लागलं. खालचा कपडा बघितला, जेवढा भिजायचा तेवढाच भिजलेला. मग कुठं चहा प्यायला गेले.

वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, मऊच राहिलं, तर बाई तासा-दोन तासांत रक्त जाऊन रिकामी होते. आणि ती ओरडत नाही हो. गप्प पडून असते, घरच्यांना वाटतं दमून झोपली. म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हात लावायचा, नाडी बघायची, कपडा बघायचा, असं आम्हाला घोकून घेतलंय. याला ना मशीन लागतं ना मंजुरी. पण रात्रपाळीला एकच सिस्टर, तिच्याकडं लेबर रूम, वॉर्ड, ओपीडीचं रजिस्टर आणि दारात आलेला विंचू चावलेला माणूस. मग हा हात राहतो तो राहतोच.

मी १९८९ ला एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून लागले, एलएचव्ही म्हणजे त्यांच्यावरची पर्यवेक्षिका होऊन निवृत्त झाले. निम्मी नोकरी पाटण तालुक्यात, निम्मी माणमध्ये. म्हणजे निम्मी छत्रीखाली आणि निम्मी टँकरच्या मागं. सुरुवातीला आमची सगळी धडपड एकच, बाईला दवाखान्यात आणायची. वरच्या वाड्यांतनं घोंगड्याची झोळी करून चार गडी बाईला खाली आणायचे, तेही घरातल्या म्हातारीनं हो म्हटलं तर. २००५ ला दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, पाठोपाठ गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात औषध, रक्त, जेवण, जायची-यायची गाडी सगळं फुकट झालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. लागले तेव्हा हा आकडा कुणी सांगितला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं.

आता बाई येते. पण आल्यावर काय होतं, ते कुणी मोजत नाही.

एक प्रसंग सांगते. माणमधलं एक आरोग्य केंद्र, नाव नको. मे महिना. एका आठवड्यात दोन बायकांना बाळंतपणानंतर अंगावरून फार गेलं. दोघी वाचल्या, एकीला साताऱ्याला न्यावं लागलं. नवीन डॉक्टर पोरगा घाबरला होता, सारखं म्हणायचा, "इंजेक्शन तर लगेच दिलं होतं मॅडम." खरंच दिलं होतं, रजिस्टरला वेळ टाकलेली. मी म्हटलं खोकं दाखवा. ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आवळायच्या इंजेक्शनचं, खोकं लेबर रूमच्या खिडकीत, पश्चिमेच्या उन्हात. ते औषध २ ते ८ अंशात ठेवायचं असतं, उन्हात त्याचं पाणी होतं. फ्रिज होता, चालू होता, पण त्याची किल्ली लसीकरण बघणाऱ्या बाईंकडं आणि त्या फिरतीवर. म्हणून कुणीतरी शहाणपणानं आठवड्याचा साठा बाहेर काढून ठेवलेला.

आम्ही काय केलं? लेबर रूमच्या चौकटीला खिळा ठोकला आणि दुसरी किल्ली त्यावर टांगली. संपलं. मी बदलून जाईपर्यंत तो खिळा तिथंच होता.

धागा काढायचं कारण हे, की असे खिळे तुमच्या बघण्यात आले असतील तर लिहा. आणि जिथं ठोकायचे राहिलेत तेही लिहा. फक्त एक, दवाखान्यांची नावं नकोत. मला कुणाला फाशी द्यायची नाही.

कराडकर_पुण्यात

सिस्टर, धागा वेळेवर आला. आमच्या शाळेच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून वर्गणी जमवतोय. पाटणच्या बाजूच्या दोन आरोग्य केंद्रांना बाळांसाठी एकेक वॉर्मर, म्हणजे ऊब देणारं यंत्र, द्यावा असं ठरतंय. कोटेशन आलंय. कुठल्या कंपनीचा घ्यावा, कुणाला अनुभव आहे का?

जुनी_सिस्टर

दादा, रागावू नका. तुमच्यासारख्याच एका भल्या मंडळींनी दिलेला वॉर्मर मी सहा वर्षं बघितलाय. सुरुवातीचे चार महिने चालला. मग बाळाच्या पोटाला चिकटवायचा सेन्सर तुटला. दुरुस्तीवाला येईना, कारण वस्तू देणगीची, कंत्राटात नाही. पुढं त्याच्यावर रजिस्टरं रचली जायची. भिंतीपासून ओढायला गेलं की "पावणं बघायला येतात, राहू दे" म्हणायचे.

मिरजेचा_बालरोगवाला

सिस्टरांशी सहमत, पण वॉर्मरच नको असं नाही. जिथं लाईट टिकते, दुरुस्तीची सोय आहे आणि वापरणारा माणूस आहे तिथं हवाच.

आमच्याकडं येणारी बाळं बघून बोलतो. मिरजेला दवाखान्यांची वाण नाही. वानलेससाहेबांचं हॉस्पिटल १८९४ चं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. तरी जत, आटपाडीकडनं आलेलं बाळ टेबलावर घेतलं की पहिला हात लागतो तो गार पायांना. दीड किलोचं बाळ, पातळ दुपट्यात, सगळ्या वाटेभर गाडीची काच उघडी. ऑक्सिजनचं नळकांडं आहे, सलाईन आहे, कागद आहेत, ऊब नाही. अशा बाळाची साखर उतरते, श्वास अडकतो, आणि आमचे पहिले दोन तास त्याला गरम करण्यात जातात.

आणि दुसरं म्हणजे जन्मल्यावरचं पहिलं मिनिट. शंभरातली नव्वदेक बाळं आपली आपण रडतात. दहाएकांना मदत लागते, त्यातल्या बऱ्याच जणांना नुसतं कोरडं पुसून पाठ चोळली की पुरतं. उरलेल्यांना पिशवी आणि मास्कनं हवा द्यायची, मिनिटाच्या आत. ती अंबू बॅग बहुतेक ठिकाणी असते. कुठं? कपाटात, कुलपात, प्लॅस्टिकमध्ये. एका ठिकाणी मी काढून दाबली तर हवा मागूनच निघून गेली, झडपेचं रबर वाळून तडकलेलं. मास्क होता तो मोठ्या माणसाचा. बाळाला शून्य आणि एक नंबरचा लागतो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. बॅगेचं तोंड तळहातावर दाबायचं आणि पिळायचं.

कराडकर, वर्गणीतनं काही घ्यायचंच असेल तर सरावाची बाहुली घ्या. सिस्टर लोक ट्रेनिंगला जाऊन येतात, सर्टिफिकेट लागतं भिंतीला, पण जिथं महिन्याला आठ-दहा बाळंतपणं होतात तिथं न रडणारं बाळ वर्षात काही वेळाच दिसणार. हात विसरतो. बाहुली टेबलावर असली तर ड्युटी बदलताना पाच मिनिटं हात साफ होतो.

आकडे_बोलतात

चर्चा चांगली आहे, पण जरा थांबा. दर्जा सुधारण्याच्या नावाखाली काहीही खपतं. उत्तर प्रदेशात जागतिक आरोग्य संघटनेच्या बाळंतपणाच्या यादीचा मोठा प्रयोग झाला. करायच्या गोष्टींची यादी, सोबत शिकवायला माणूस, १२० दवाखाने, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निकाल २०१७ ला आला. हात धुणं, बीपी बघणं, वेळेवर इंजेक्शन हे सगळं सुधारलं. आणि मृत्यू? यादी असलेल्या आणि नसलेल्या दवाखान्यांत फरक नाही. तेव्हा खिळे ठोकून मृत्यू कमी होतात हे सिद्ध करा.

जुनी_सिस्टर

सिद्ध करायला मी कोण! पण यादीचा तक्ता मी वापरलाय, म्हणून सांगते. बाळाला हवा द्यायची पिशवी तयार आहे का, बरोबरची खूण. पिशवी आहे, खरं आहे. दाबता येते का, हा रकाना नाही. आणि बाईला रक्त लागलं तर ते कुठं आहे? खूण करून रक्त येत नाही.

मिरजेचा_बालरोगवाला

आकडेराव, तुमचा मुद्दा बरोबर आहे, फक्त अर्धाच सांगितलात. २०२३ ला दुसरा अभ्यास आला, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० दवाखान्यांचा, दोन लाखांवर बायकांचा. तिथं बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली. रक्त तिच्यात जमतं, किती गेलं ते दिसतं. आपण सगळे डोळ्यानं अंदाज करतो आणि तो जवळजवळ नेहमी कमीच असतो. नेहमीच्या पद्धतीत जास्त रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच बायका ओळखल्या जात होत्या, पिशवीनं ९३ टक्के. आणि ओळखल्यावर एकामागून एक नाही, सगळे उपचार एकदमच: गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, सलाईन, तपासणी. लिटरच्या वर रक्त जाणं, पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावानं मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं.

दोन्हींतला फरक मला असा दिसतो, की एकात करायच्या गोष्टींची आठवण होती, दुसऱ्यात संकट डोळ्यांना दिसत होतं आणि ते दिसल्याबरोबर काय करायचं ते हाताशी होतं.

आकडे_बोलतात

हा अभ्यास माहीत आहे, मान्य. मग तुमच्याच बाजूचा एक आकडा देतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१८ ला हिशोब मांडला होता. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत नीट उपचारांनी टळले असते असे वर्षाला ८६ लाख मृत्यू. त्यातले ३६ लाख दवाखान्यापर्यंत न पोचलेल्यांचे, ५० लाख पोचलेल्यांचे. हे फक्त बाळंतपणाचे नाहीत, सगळ्या आजारांचे. पण धाग्याच्या शीर्षकाला धरून आहे.

तापोळ्याकडचा

वाचत होतो, लिहावं की नको कळत नव्हतं. लिहितो.

बायकोचा आठवा संपत आलेला, ऑगस्ट, मुसळधार. पाय सुजलेले होते, ते म्हटलं असतातच. सकाळी म्हणाली डोकं फुटतंय, डोळ्यापुढं काजवे चमकतायत. पहिल्या ठिकाणी बीपी बघितलं, १७० च्या वर. चिठ्ठी लिहिली, पुढं न्या. चिठ्ठीत नाव, वय आणि 'रेफर्ड', एवढंच. घाटात धुकं, समोरची गाडी दिसेना. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर नव्हते, त्यांनी त्याच चिठ्ठीवर शिक्का मारून पुढं काढलं. वाटेत गाडीतच झटका आला. आईनं तोंडात चमचा घातला, एक दात पडला. तिसऱ्या ठिकाणी मात्र दारातच आत घेतली, दोन्ही बाजूंना इंजेक्शनं दिली, रात्री सीझर केलं.

मुलगा १६०० ग्रॅमचा. तिथल्या सिस्टरनं मला बोलावलं, म्हणाल्या शर्टाची बटणं काढा. मला कळेना. बाळाला नुसत्या टोपी-लंगोटात माझ्या छातीवर ठेवलं, वरनं शाल गुंडाळली. बायको बेशुद्धीतनं नुकती बाहेर येत होती म्हणून दोन दिवस मी आणि सासू, पाळीपाळीनं. छाती घामानं भिजायची पण हलायची भीती. त्याच्या श्वासाचा आवाज बेडकासारखा यायचा. आता तीन वर्षांचा आहे, लाँचचा भोंगा वाजला की धक्क्यावर पळतो.

राग एवढाच आहे, की ते इंजेक्शन पहिल्याच ठिकाणी नव्हतं का?

मिरजेचा_बालरोगवाला

दादा, वाचून सुन्न झालो. तुमच्या बाळाला जे केलं ते कांगारू पद्धत. १९७८ ला कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या बाळांवरचा २०२१ चा अभ्यास, ज्यात आपल्या देशातलंही हॉस्पिटल होतं, सांगतो की बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासून छातीला लावलं तर मृत्यू चतुर्थांशानं कमी होतात. कराडकर, हा तुमचा वॉर्मर. टेकायला पाठ असलेली खुर्ची आणि एक पडदा, एवढाच खर्च.

जुनी_सिस्टर

भाऊ, इंजेक्शन होतं, बहुतेक. मॅग्नेशियम सल्फेट. महाग नाही, औषधांच्या यादीत आहे. २००२ च्या मोठ्या अभ्यासात त्यानं झटक्यांची शक्यता निम्म्यावर आणली होती. पुढं पाठवायच्या आधी पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत द्यायचा, आणि तो सिस्टरनं दिला तरी चालतो अशी परवानगी आहे. देत का नाहीत, तर भीती. "दिलं आणि वाटेत काही झालं तर माझ्या अंगावर." न देता पाठवलं आणि वाटेत काही झालं तर कुणाच्याच अंगावर येत नाही. गणित असं बसलंय.

माझ्या वेळी एका डॉक्टरीणबाईंनी नियम केला होता. गाडीची चावी ड्रायव्हरला नंतर, आधी पुढच्या दवाखान्याला फोन. बीपी किती, काय दिलं, किती वाजता दिलं, रक्तगट कुठला. आणि तिकडच्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. नाव लिहिलं की तो माणूस दारात उभा राहतो बघा.

चमच्याचं सगळ्यांना सांगते, झटका आला तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, बस.

मायणीची_लेक

सगळे औषधांवर बोलताय. मी माझं बोलते. लेबर रूममध्ये मला काय आठवतं, तर "ओरडू नको, तेव्हा नाही ओरडलीस" हे वाक्य. आणि मांडीवर बसलेली थप्पड. आईला बाहेर बसवलं होतं. मी पुढचं बाळंतपण कर्ज काढून खासगीत केलं. सगळं फुकट असताना लोक खासगीत का जातात हे विचारणाऱ्यांनी हेही लिहून घ्या.

जुनी_सिस्टर

ताई, ते वाक्य मीही बोललेय. थप्पडही मारलेय. १९९५-९६ च्या आसपासची एक पोरगी अजून आठवते, एकोणीस वर्षांची, केसात करवंदीची फुलं माळून आली होती. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं की असं नसतं करायचं. आमच्या सीनियर मारायच्या, आम्ही मारलं. बाळ अडकलंय, ही जोर लावत नाही, आपल्याला घाम फुटलेला, मग हात उठायचा. ही सबब नाही, सांगितलं फक्त. आता लेबर रूम सुधारायच्या सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रमात बाईसोबत तिच्या घरची एक बाई आत थांबू द्यायची असं आहे. जिथं खरंच थांबू देतात तिथं सिस्टरचा हातही खाली राहतो आणि बाई घाबरून आखडत नाही. पोटावर दाब देऊन बाळ बाहेर काढणं, कळा वाढवायला उगीच इंजेक्शन टोचणं, हेही आई बघत असली की कमी होतं.

जतची_आशाताई

सिस्टर नमस्कार. मला एवढं लिहायला जमत नाही, मोबाईलवर बोलून लिहिते.

आमच्यात दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात. पोटुशी बाई पण जाते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, तो अर्धा होतो नाहीतर. तपासणीचं कार्ड घरात पत्र्याच्या पेटीत ऱ्हातं आणि बाई फडावर. तिथला दवाखाना विचारतो रक्त किती, बीपी किती, आधीचं सीझर का. कुणाला म्हाईत? मी आता काय करते, कार्ड दुधाच्या पिशवीत घालून, वरनं दोरा बांधून, कोयत्याच्या गाठोड्यात टाकाय लावते. आणि कार्डाच्या सगळ्या पानांचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये. मोबाईल मात्र कोणी विसरत नाही.

दुसरं पाचवीचं. दवाखान्यातनं आल्यावर मला तिसऱ्या दिवशी बाळ बघायला जायचं असतंय, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या. सहा भेटींचे अडीचशे रुपये. पर सासू म्हणती पाचवी झाल्याबिगर बाळ कुणाला दावायचं न्हाई. मी भांडत नाही. पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, वही-पेन ठेवतात, सटवाई रात्री येऊन कपाळावर लिहिती म्हणून. मी तिसऱ्या दिवशी ते वही-पेन घेऊनच जाते. म्हणते, मावशी, सटवाईच्या आधी मी वजन लिहून ठेवते, तिला पुढचं लिहाय सोपं. हसतात आणि बाळ झोळीत देतात. मागल्या साली असंच एक बाळ पिवळं धमक आणि दूध वढत नव्हतं, पाय गार. पाचवीपर्यंत थांबलो असतो तर काय खरं नव्हतं.

मिरजेचा_बालरोगवाला

आशाताई, दुधाची पिशवी मी आमच्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. घरी जाऊन बाळ बघायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतूनच आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून करून दाखवली, १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली. आकडेराव, नोंद घ्या.

आकडे_बोलतात

घेतली.

कराडकर_पुण्यात

बॅचच्या ग्रुपवर हा धागा टाकला. वॉर्मर रद्द. दोघं रुसलेत, कारण वॉर्मरवर नावाची पाटी लागणार होती, बाहुलीवर कुठं लावणार! असो. दोन बाहुल्या, शून्य आणि एक नंबरचे मास्क, पाठीला टेकायच्या चार खुर्च्या, पडदे, एवढं ठरलं. सिस्टर, पाटणला शिकवायला तुम्ही याल का? डॉक्टर महिन्यातला एक रविवार देतो म्हणतायत.

जुनी_सिस्टर

येते की. पण रविवार नको, रविवारी निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो आणि उरलेला वैतागलेला. ९ तारखेला या, त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी असते, सगळे हजर असतात. दुपारी गर्दी ओसरली की तासभर. आणि डॉक्टर, तुम्ही शिकवू नका. तुम्ही बाजूला उभं राहून बघा. सिस्टरला सिस्टरनं शिकवलं की ती चुकायला घाबरत नाही.

फ्रिजची किल्ली कुठं असते तेही बघून घेऊ जाता जाता. खिळा मी घरनं आणते.

जतची_आशाताई

सिस्टर बाहुली जतला पण आणा. तिकडं झाल्यावर. यष्टीनं आणली तरी चालंल.

जुनी_सिस्टर

मांडीवर बसवून आणते. तिकीट पडायचं नाही.